एकच हवा, निरनिराळी वये

यवतमाळ जिल्हा म्हटला की कापूस डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु ह्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वर्धा नदीच्या अलीकडच्या तीरावर, वणी तालुका कापसाबरोबर कोळशावरही जगतो. उकणी, निलजई, मुंगोली, कोलारपिंपरी, घोन्सा ही नावे गावांची म्हणून जितकी परिचित आहेत, तितकीच आता खाणींची म्हणून परिचित झाली आहेत. उघड्या खाणींतून निघालेला कोळसा ट्रकांतून रस्त्याने धावतो, रेल्वेच्या सायडिंगवर उतरतो, डेपोंत ढिगांनी साठतो. राजूरच्या चुनाभट्ट्या त्या हवेत आपली भर घालतात. ह्या हवेविषयी कोणी तक्रार केली की एक ठरावीक उत्तर ऐकू येते : येथल्या माणसांना आता ह्याची सवय झाली आहे. हे उत्तर वरवर समजूतदारपणाचे वाटते. शास्त्राच्या कसोटीवर मात्र ते टिकत नाही, आणि त्याच्या आधारे चालणारा कारभार मुलांवर व वृद्धांवर अन्याय करतो, असे आम्हांस स्पष्टपणे म्हणावयाचे आहे.

‘येथल्या माणसांना’ म्हणजे नेमक्या कोणत्या माणसांना, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. खाणीत उतरणारा तीस-पस्तीस वर्षांचा कामगार, खाणरस्त्यालगतच्या अंगणवाडीत बसलेले चार वर्षांचे मूल, आणि घराच्या ओसरीवर किंवा शेकोटीपाशी बसलेली सत्तर वर्षांची म्हातारी हे तिघेही तीच हवा श्वासावाटे आत घेतात. हवा एकच असली, तरी ती ज्या फुप्फुसांत शिरते ती फुप्फुसे एकसारखी नाहीत. एकाची फुप्फुसे पूर्ण वाढलेली आहेत, दुसऱ्याची अजून घडत आहेत, तिसरीची झिजत चालली आहेत. ह्या तीन अवस्थांत एकाच धुळीचा परिणाम तीन प्रकारांनी होतो, आणि त्यांपैकी फक्त पहिला प्रकार आपल्या कायद्याला चांगला ओळखीचा आहे.

मुलांपासून आरंभ करू. मनुष्य जन्माला येतो तेव्हा त्याची फुप्फुसे पुरी झालेली नसतात. ज्या सूक्ष्म वायुकोशांतून प्राणवायू रक्तात मिसळतो, ते प्रौढ माणसाच्या छातीत ३० कोटींहून अधिक असतात. अर्भकाजवळ त्यांचा केवळ एक अंश असतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत ते झपाट्याने वाढतात, आणि पुढे फुप्फुसांची एकूण क्षमता विशीच्या आरंभापर्यंत वाढतच जाते. ह्या वाढीच्या काळात मूल आपल्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसाहून कितीतरी अधिक हवा आत घेते. ते धावते, खेळते, दम लागला की तोंडाने श्वास घेते. त्यामुळे नाकाची गाळणी चुकवून धूळ सरळ खोल जाते. त्याचे नाक रस्त्याच्या धुळीपासून मोठ्या माणसाच्या नाकाहून कमी अंतरावर असते, हीही गोष्ट साधी असली तरी विसरण्याजोगी नाही. तात्पर्य, त्याच रस्त्यावरून चालणाऱ्या बापाला आणि मुलाला मिळणारी धुळीची मात्रा सारखी नसते.

मात्रेपेक्षाही महत्त्वाचा भेद परिणामाचा आहे. प्रौढाच्या फुप्फुसांना झालेली इजा ही असलेल्या भांडवलातील घट असते. मुलाच्या बाबतीत भांडवलच कमी जमते. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात १९९३ पासून शाळकरी मुलांच्या फुप्फुसांची वर्षानुवर्षे मोजणी करण्यात आली. १२ गावांतील मुले दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत दर वर्षी यंत्रात फुंकर घालीत राहिली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसून आले की, सूक्ष्म धूलिकण सर्वांत कमी असलेल्या गावी अठराव्या वर्षी लक्षणीयरीत्या दुबळी फुप्फुसे असलेल्या तरुणांचे प्रमाण शेकडा १.६ होते, तर सर्वांत अधिक असलेल्या गावी ते शेकडा ७.९ होते. जवळजवळ पाचपट अंतर! ह्यांतील पुष्कळ मुलांना दमा नव्हता, खोकला नव्हता. घरच्यांच्या दृष्टीने ती धडधाकट होती. उणीव दिसली ती यंत्राला.

परंतु ह्याच अभ्यासाचा पुढचा भाग निराशा दूर करणारा आहे. त्या प्रदेशात पुढे कायद्याच्या बळावर हवा सुधारली. २०१५ साली तीन पिढ्यांतील मुलांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा पंधराव्या वर्षी दुबळी फुप्फुसे असलेल्या मुलांचे प्रमाण ७.९ वरून ६.३ आणि नंतर ३.६ टक्क्यांवर आलेले दिसले. म्हणजे हवा सुधारली तर वाढती फुप्फुसे त्याचा लाभ घेतात. मात्र हा लाभ वाढीच्या वर्षांतच पदरात पाडून घ्यावा लागतो. जे मूल आज आठ वर्षांचे आहे, त्याच्यासाठी बारा-पंधरा वर्षांनी केलेली उपाययोजना उशिरा आलेली असेल.

आता आयुष्याच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. पंचविशीच्या सुमारास फुप्फुसांची क्षमता शिखर गाठते आणि मग प्रदूषण असो वा नसो, ती दर वर्षी थोडीथोडी उतरते. फुप्फुसांची लवचीकता कमी होते, छातीचा पिंजरा ताठर होतो, श्वासाचे स्नायू क्षीण होतात. श्वासनलिकांच्या आतल्या बाजूस असलेले बारीक केस धूळ व कफ वर लोटून बाहेर टाकण्याचे काम अहोरात्र करीत असतात. वयोमानाने तेही मंदावतात. त्यामुळे तरुणाच्या छातीतून जी धूळ लवकर निघून जाते, ती वृद्धाच्या छातीत अधिक काळ राहते. त्यातच हृदयविकार, मधुमेह, जुन्या क्षयाचे व्रण ह्यांची सोबत असेल, तर थोड्याशा धक्क्यानेही तोल जातो.

येथेच शास्त्राने एक विलक्षण गोष्ट उजेडात आणली आहे. ओझोन नावाचा तिखट वायू सूर्यप्रकाशात वाहनांच्या व कारखान्यांच्या धुरापासून जमिनीलगत तयार होतो. प्रयोगशाळेच्या बंद खोलीत निरनिराळ्या वयांच्या निरोगी स्वयंसेवकांना मोजक्या ओझोनात श्वास घेण्यास सांगून त्यांची फुप्फुसे तपासण्यात आली. तरुणांना खोकला आला, छातीत दुखले, त्यांचा श्वास मोजणीत स्पष्ट कमी भरला. वृद्धांमध्ये हे परिणाम फारच अल्प आढळले. ह्यावरून वृद्धांची फुप्फुसे अधिक कणखर असतात, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो फसेल. कारण प्रत्यक्ष जीवनात प्रदूषण वाढले की मृत्यूच्या नोंदी वाढतात त्या प्रामुख्याने वृद्धांच्याच. अमेरिकेत ६५ वर्षांवरील सुमारे ६ कोटी माणसांच्या २००० ते २०१२ ह्या काळातील नोंदींचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. वर्षाच्या सरासरीत सूक्ष्म धूलिकण दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने वाढले, तर मृत्यूचे प्रमाण शेकडा ७.३ ने वाढते, असे त्यात दिसून आले. ओझोनच्या वाढीबरोबरही मृत्यू वाढत होते.

ह्या दोन गोष्टींची संगती कशी लावावयाची? खोकला, छातीतील कळ, आखडलेला श्वास ही सारी तरुण शरीराची संरक्षणाची साधने आहेत. ती माणसाला सांगतात, येथून दूर हो. वयाबरोबर ही मज्जातंतूंची जाणीव बोथट होते. श्वासनलिका आवळल्याचे, रक्तातील प्राणवायू कमी झाल्याचे वृद्ध शरीराला उशिरा कळते. इजा थांबत नाही, फक्त तिची वर्दी थांबते. एवढेच नव्हे, तर तरुणांच्या बाबतीतही सलग काही दिवस तोच वायू दिला असता तिसऱ्या-चौथ्या दिवशी खोकला कमी होतो, पण फुप्फुसांच्या आतील दाहाच्या साऱ्या खुणा काही नाहीशा होत नाहीत. ‘सवय झाली आहे’ ह्या वाक्याचा खरा अर्थ हा असा आहे. ज्याला आपण सवय म्हणतो, ती पुष्कळदा तक्रार करण्याची शक्ती गमावल्याची खूण असते.

म्हणून तक्रारी किती आल्या ह्यावरून हवेची परीक्षा करणे ही मूलतः चुकीची पद्धत आहे. लहान मूल तक्रार करू शकत नाही, कारण पुरी वाढलेली फुप्फुसे कशी असतात हे त्याला ठाऊकच नसते. वृद्ध तक्रार करीत नाही, कारण दम लागणे हा म्हातारपणाचाच भाग आहे अशी त्याची आणि त्याच्या घरच्यांची समजूत असते. तक्रार करण्यास समर्थ असतो तो मधल्या वयाचा माणूस. आणि त्याची फुप्फुसे तिघांत सर्वांत बळकट असतात.

दुर्दैवाने आपला कायदाही ह्या मधल्या माणसाभोवतीच उभा आहे. १९५२ च्या खाण अधिनियमाने, शिकाऊ उमेदवारांचा अपवाद सोडल्यास, १८ वर्षांखालील व्यक्तीला खाणीत कामास ठेवण्यास मनाई केली. १९५५ च्या खाण नियमांनी कामगाराची नोकरीच्या आरंभी आणि पुढे अधिकात अधिक पाच वर्षांच्या अंतराने वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. खाणकामगारांच्या फुप्फुसांत कोळशाची धूळ बसून होणारा रोग आढळला, तर त्याची सूचना देणे बंधनकारक आहे. ह्या तरतुदी अत्यंत आवश्यक आहेत आणि त्यांची अंमलबजावणी कसून झाली पाहिजे, ह्यात दुमत नाही. पण त्या कोणाला लागू आहेत? जो मुळात प्रकृती तपासून कामावर घेतला गेला, जो धडधाकट आहे तोवरच कामावर राहिला, त्या पगारी कामगाराला. साठाव्या वर्षी तो निवृत्त झाला की नोकरीतली ती नियतकालिक तपासणी संपते, आणि त्याच वेळी त्याच्या फुप्फुसांची उतरण धोक्याच्या टप्प्यावर आलेली असते. त्याची नातवंडे आणि त्याची म्हातारी आई तर त्या नोंदवहीत कधीच नव्हती.

हवेच्या मानकांचेही असेच आहे. आपल्या देशात २००९ पासून सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचविलेली मर्यादा ५ आहे. ही तफावत एका रात्रीत भरून निघणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु निदान मोजमाप तरी योग्य जागी व्हावे की नाही? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ८८ औद्योगिक समूहांची पाहणी केली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथे ठरले होते. चंद्रपूर जिल्हा आणि वणी तालुका ह्यांच्यामध्ये केवळ वर्धा नदी आहे, आणि वारा नदीची सीमा मानीत नाही. तरीही २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात विदर्भातील चंद्रपूर, नागपूर, अमरावती, अकोला ही शहरे आली. यवतमाळ जिल्ह्यातील एकही नाव त्यात आले नाही. ती यादी शहरांची होती, आणि वर्षानुवर्षे जेथे मोजणी झाली त्या शहरांतूनच ती तयार झाली होती. जेथे पुरेशी मोजणीच नाही, तेथील हवा यादीत कोठून येणार?

मोजणीअभावी काय होते, ह्याचा इतिहासही आहे. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस कोळशाच्या धुराचे दाट धुके बसले. त्या दिवसांत रस्त्यावर चालणाऱ्या लंडनकराला एवढेच जाणवत होते की समोरचे दिसत नाही आणि घसा खवखवतो. पुढे मृत्यूच्या नोंदी वयवार मांडल्या गेल्या, तेव्हा सुमारे ४,००० अधिक मृत्यू झाल्याचे उघडकीस आले. नंतरच्या संशोधकांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. त्यांत वृद्धांचा वाटा मोठा होता, आणि एक वर्षाखालील अर्भकांचे मृत्यूही वाढले होते. जी अर्भके वाचली, त्यांच्यांत पुढे बालपणी दम्याचे प्रमाण अधिक राहिले, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले. मृत्यूंच्या त्या नोंदींमुळे लोकमत जागे झाले आणि १९५६ साली ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला.

यवतमाळ जिल्ह्याला हवेतून येणाऱ्या मृत्यूची ओळख नाही असे नव्हे. २०१७ च्या पावसाळ्यात डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या वेळी सारे राज्य हादरले, चौकशा झाल्या. कारण ते मृत्यू अकस्मात आले, आणि बहुतांशी कामकरी वयाच्या माणसांवर आले. धुळीचा मृत्यू तसा येत नाही. तो न्यूमोनिया म्हणून येतो, दमा म्हणून येतो, हृदयविकार म्हणून येतो, आणि पुष्कळदा केवळ ‘वयोमानाने’ ह्या एका शब्दाखाली त्याची बोळवण होते.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. सारा दोष कोळशाच्या माथी कशाला, असे कोणी म्हणेल. घरातली चूल आणि ओठांतली विडी काही कमी धूर करीत नाहीत. हा आक्षेप खरा आहे. पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळून पेटविलेल्या चुलीपुढे आयुष्य घालविलेल्या बाईला कधी विडी न ओढताही फुप्फुसांचा जुनाट अडथळ्याचा रोग होतो, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी ह्यांच्यासारख्या संशोधकांनी जगापुढे मांडले आहे. २०१६ साली उज्ज्वला योजनेने गॅस घरोघर पोहोचविण्यास आरंभ झाला. तो सिलिंडर पुन्हापुन्हा भरणे परवडते की नाही, हा पुढचा प्रश्न आहे. परंतु ह्या आक्षेपाने खाणींची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. चुलीच्या धुराने आधीच दुबळ्या झालेल्या फुप्फुसांत कोळशाची धूळ जाते, म्हणून ती अधिक घातक ठरते. चुलीपाशी सर्वाधिक वेळ कोण असते? आईच्या कडेवरचे मूल आणि घरातली म्हातारी. पुन्हा तीच दोन टोके.

खाणी बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. वणीच्या हजारो कुटुंबांची भाकर तेथून येते आणि राज्यातील दिवे त्या कोळशावर लागतात. पण ज्यांच्या हाताला तेथे काम मिळत नाही, त्यांच्या छातीने त्याची किंमत मोजावी, हा व्यवहार न्याय्य नाही. करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत, आणि त्यांपैकी बहुतेकांची साधने आजच हाताशी आहेत.

पहिली गोष्ट, हवेचे मोजमाप खाणीच्या फाटकावर होते तसे कोळसावाहतुकीच्या मार्गावरील शाळा, अंगणवाड्या व आरोग्य उपकेंद्रे ह्यांच्या दारात व्हावे, आणि त्याचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज लिहिले जावेत. दुसरी गोष्ट, २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडी आणि शाळांत जातात. त्यांनी तपासावयाच्या विकारांच्या यादीत श्वासनलिकांचा विकार आधीच आहे. ह्या तालुक्यात त्याला फुंकरीने श्वास मोजण्याच्या साध्या चाचणीची जोड द्यावी आणि त्याच मुलाची मोजणी दर वर्षी करावी. कारण उणीव एका दिवसाच्या आकड्यात दिसत नाही, वाढीच्या रेषेत दिसते. तिसरी गोष्ट, आशा सेविका तीस वर्षांवरील माणसांची जी प्रश्नावली भरतात, तीत दम लागतो का आणि स्वयंपाकाला इंधन कोणते, हे दोन्ही प्रश्न आहेत. ज्यांचे उत्तर होकारी येईल त्यांची, आणि साठीपुढील सर्वांची उत्तर काहीही असले तरी, स्पायरोमेट्री तपासणी वणीच्या शासकीय रुग्णालयात व्हावी. वृद्धांच्या बाबतीत तक्रारीची वाट पाहू नये, हा धडा वर आलाच आहे. निवृत्त खाणकामगारांचा ह्यात अग्रहक्क असावा. चौथी गोष्ट, तालुक्यातील मृत्यूंच्या नोंदी वयवार व महिनेवार मांडून यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांचा हवेच्या आकड्यांशी मेळ घालावा. पाचवी गोष्ट, ताडपत्रीवाचून एकही ट्रक रस्त्यावर येऊ नये, आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी गावातून कोळशाची वाहतूक बंद राहावी.

पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. २०१५ साली खाणकायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठाने अस्तित्वात आली. खाणचालकांकडून त्यांत जमा होणारा निधी खाणींची झळ लागलेल्यांसाठीच आहे, आणि त्याच वर्षीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी त्यातील किमान ६० टक्के रक्कम ज्या कामांसाठी राखून ठेवली, त्यांत प्रदूषण नियंत्रण, आरोग्य, आणि स्त्रिया, बालके, वृद्ध व अपंग ह्यांचे कल्याण ही स्पष्टपणे नमूद आहेत. कायद्याने बालके आणि वृद्ध हे शब्द लिहून ठेवले आहेत. जिल्हा प्रशासनाने त्या शब्दांमागची माणसे शोधून काढावयाची आहेत.

वेस्टर्न कोलफील्ड्स १९७५ साली स्थापन झाली तेव्हा वणी परिसरात जी मुले जन्मली, ती आता पन्नाशी गाठून उतारवयाच्या उंबरठ्यावर आली आहेत. त्यांच्या फुप्फुसांची वाढ कशी झाली, हे कोणी मोजले नाही. ती वेळ निघून गेली. त्यांची उतरण तरी मोजता येईल, आणि त्यांच्या नातवंडांची वाढ वाचविता येईल. येता हिवाळा सुरू होण्यापूर्वी जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि खाणींचे चालक ह्यांनी एकत्र बसून निदान शाळांच्या दारांतील मोजणीचा आणि मुलांच्या श्वासचाचणीचा निर्णय घ्यावा. त्याला नवा कायदा लागत नाही. लागतो तो एवढाच निश्चय की, सवयीचे उत्तर यापुढे कोणी द्यावयाचे नाही आणि कोणी ऐकून घ्यावयाचे नाही.